दहा लिटरचा श्वास

मुलांचं गाणं बसवता बसवता राजश्रीचा घसा बसला, आणि शनिवारी सकाळी चहाचा कप हातात असताना गुरुप्रसाद शिवलकर सहज बोलून गेला, "त्यात काय एवढं? उद्याचा वर्ग मी घेतो."

घरातली मोठी संकटं अशीच चहाच्या कपाबरोबर येतात. कप विसळून होतो, संकट राहतं.

राजश्रीने नवऱ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"अगं, आभार कसले मानतेस," गुरुप्रसाद म्हणाला. "नवराबायकोत काय ते."

तिने हात आणखी घट्ट जोडले, कपाळाला लावले आणि मान जोरजोरात हलवली. गुरुप्रसाद भारावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला आपल्याबद्दल एवढं वाटत असेल याची त्याला कल्पना नव्हती. (तिलाही नव्हती.) डॉक्टरांनी आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलं नसतं, तर हा गैरसमज तिथल्या तिथे दूर झाला असता आणि पुढचं काही घडलं नसतं.

राजश्रीचा बालवर्ग रत्नागिरीत मिऱ्याच्या रस्त्याला, त्यांच्या घराच्या पडवीत भरायचा. एक सतरंजी, एक फळा, खोक्यात ठेवलेल्या करवंट्या, शिंपले, बिया, आणि समोर चार-पाच वर्षांची पोरं. राजश्रीताईंच्या हाताखालून गेलेलं मूल शाळेत रडत नाही, अशी त्या भागात ख्याती होती. पण दिवाळीनंतर नाक्यावर एक नवी इंग्रजी शाळा उघडली. दारात गुलाबी हत्ती, आत घसरगुंडी, खोली थंड करायचं यंत्र. तिथली मुलं म्हणे दुसऱ्याच आठवड्यात घरी येऊन आजीला 'सिट डाऊन' म्हणायला लागली. पडवीतल्या निम्म्या मुलांचे आईबाप तो हत्ती बघून आले होते, आणि बघून आल्यापासून राजश्रीशी जरा जास्तच गोड बोलत होते. तिने काय ते ओळखलं. म्हणून तिने रविवारी सगळ्या पालकांना बोलावलं होतं. मूल इथे बसून काय शिकतं ते एकदा डोळ्यांनी बघा, मग कुठे घालायचं ते ठरवा, असं सांगून. विषय होता, आपण श्वास कसा घेतो.

आणि ऐन वेळेला ताईंचाच आवाज गेला.

गुरुप्रसाद एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता. कागदावर त्याचं काम निर्दोष. घरातल्या वस्तूंशी मात्र त्याचं नातं वेगळं होतं. त्याने दुरुस्त केलेला मिक्सर फक्त उलटा धरला की चालायचा. त्याने बसवलेली कडी एकदा लागली ती लागलीच, तेव्हापासून मागच्या खोलीत खिडकीतून जावं लागत होतं. त्याची आई, सगुणाबाई, शेजाऱ्यांना सांगायची, "आमच्या गुरूचा हात चांगला हाय, पण तो खिशात असला की."

राजश्रीने वर्गाची सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. फडताळात पाण्याची एक लहान बाटली होती. तिचा तळ कापलेला, तिथे फुग्याचं रबर ताणून बसवलेलं. बाटलीच्या तोंडातून एक नळी आत सोडलेली आणि नळीच्या टोकाला इवलासा फुगा. खालचं रबर ओढलं की आतला फुगा फुगायचा, सोडलं की बसायचा. बाटली म्हणजे छाती, फुगा म्हणजे फुफ्फुस, आणि रबर म्हणजे छातीच्या तळाचा पडदा. मुलाच्या हातात मावेल, मुलाला स्वतः ओढून बघता येईल, असं ते होतं. शेजारी पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या होत्या, नाकासमोर धरून उडवायला.

गुरुप्रसादने बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि ठेवून दिली.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मागे बसलेल्यांना काय दिसणार?"

राजश्रीने बोटाने बाटली दाखवली, मग सतरंजी दाखवली, मग हाताने लहान मुलाची उंची दाखवली. मुलं पुढे बसतात, प्रयोग मुलांसाठी आहे, असा त्याचा अर्थ होता.

"बरोबर," गुरुप्रसाद म्हणाला. "एवढा मोठा पाहिजे."

दुपारी तो स्कूटरवरून दहा लिटरचा रिकामा पाण्याचा जार घेऊन आला. येताना पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडाही आणला. मागच्या अंगणात बसून त्याने करवतीच्या पात्याने जारचा तळ कापला. ट्यूब निसटू नये म्हणून काठाला कात्रीने चिरा देऊन प्लास्टिकच्या जिभा काढल्या. पोरांच्या हाताला लागायला नको म्हणून त्या जिभांना चिकटपट्टी गुंडाळली (एवढी अक्कल त्याला होती हे पुढे त्याच्याच कामी आलं). जारच्या तोंडात एक प्लास्टिकचा पाइप घातला आणि नळ गळायला लागला की लावतात ती लांबी लावून पक्का केला. आतल्या टोकाला दोन मोठे फुगे रबरबँडने बांधले आणि तळाला ट्यूब ताणून सुतळीने आवळली.

मग त्याने ट्यूब खाली ओढली. आणि काय सांगावं, आतले दोन्ही फुगे खरोखर भरदार फुगले.

"आई," त्याने हाक मारली, "हे बघ फुफ्फुस."

सगुणाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कोणाचं?"

"माणसाचं."

त्यांनी जारला एक फेरी मारली. "माणसाचं असेल तर जागच्या जागी असू दे रे बाबा," म्हणून त्या परत आत गेल्या.

राजश्री दारात उभी होती. गुरुप्रसादने तिच्यासाठी पुन्हा ट्यूब ओढली. फुगे पुन्हा फुगले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, आणि त्यामागे काळजी होती. गुरुप्रसादने त्यातलं आश्चर्य तेवढं उचललं.

रविवारी सकाळी पडवी भरली. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर आईबाप. रितेश नावाच्या एका बापाने मोबाइल काढून ठेवला होता. गुलाबी हत्तीच्या बाजूचा म्हणून तोच सगळ्यांना माहीत होता. भिंतीला टेकून काशीराम आजोबा बसले होते, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीला चिकटून त्यांची नात वेदिका. वेदिकाचा बाप बोटीवर नोकरीला. पोरीला दमा होता. औषध घ्यायला नाकातोंडावर प्लास्टिकचा मुखवटा लावावा लागायचा, त्याला पुढे नळकांडं, आणि त्यात औषधाचा पंप दाबायचा. पण मुखवटा नुसता दिसला तरी ती किंचाळायची. दोघांनी पाय धरायचे, एकाने हात, आईने तोंड, आणि एवढं करून निम्मं औषध हवेत. थंडीच्या दिवसांत हा कार्यक्रम सकाळ-संध्याकाळ व्हायचा आणि तो शेजारच्या वाडीत ऐकू जायचा. आजही ती जरा खोकत होती. काशीरामांनी पिशवीत मुखवटा आणला होता, पण बाहेर काढायचा धीर होत नव्हता.

"गूड मॉर्निंग," गुरुप्रसादने सुरुवात केली, हत्तीला टक्कर म्हणून. "तर बालमित्रहो, मानवी श्वसनसंस्था ही एक अत्यंत गुंतागुंतीची अशी…"

"काका, मला शू लागली," स्वरूप म्हणाला. हा स्वरूप म्हणजे वर्गातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोकळा मुलगा.

स्वरूप जाऊन आला. तोवर आणखी दोघांना लागली. ते आले तोवर गुरुप्रसाद पाठ केलेलं भाषण विसरला होता. मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. रितेशने मोबाइलमध्ये डोकं घातलं. भाषण जाऊ दे, प्रयोगच बोलेल, असं मनाशी म्हणून गुरुप्रसादने जार उचलून टेबलावर उंच धरला. पोरं सरसावून बसली.

"आता बघा. मी हा पडदा खाली ओढतो, आणि हवा आत येते."

त्याने ट्यूब ओढली. काही झालं नाही. रात्रभरात सुतळी सैल पडली असावी. त्याने आणखी जोरात ओढली. ट्यूब त्याच्या हातात आली, आतले फुगे पाइपवरून सटकले आणि टेबलावरून उसळून सतरंजीवर पडले.

"फुफ्फुसं पडली," स्वरूपने सगळ्यांना सांगितलं.

मागे कोणीतरी हसलं. तसं काही वाईट नव्हतं ते हसू, पण गुरुप्रसादच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रितेश बायकोच्या कानात काही सांगत होता, आणि ती मान डोलवत होती. गुरुप्रसादला एकदम कळलं की या पडवीतली सतरंजी, फळा, करवंट्या, बायकोची इतकी वर्षं, हे सगळं या क्षणी त्याच्या हातातल्या ट्रकच्या ट्यूबला लटकलेलं आहे.

त्याने दाराकडे पाहिलं. दारात राजश्री उभी होती. तिने बोटाने स्वतःच्या डोक्यावर दोनदा टकटक केलं. मग हात लांब करून जारकडे दाखवला. मग फडताळाकडे दाखवला, पण तेव्हा गुरुप्रसाद पुन्हा जारकडे वळला होता.

जरा डोकं वापरा, तो जार सोडा, माझी बाटली घ्या, असं तिला म्हणायचं होतं.

डोकं, जार, एवढंच गुरुप्रसादने पाहिलं. आणि संकटात सापडलेल्या माणसाची बुद्धी जशी चालते तशी त्याची चालली. बरोबरच आहे, त्याला वाटलं. हवा कुठून सुटते ते बाहेरून कसं कळणार? आत डोकं घालून पाइपची बैठक बघायला हवी. बायको विज्ञान शिकवते, तिला कळणारच.

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, जार उचलला आणि खालून डोकं आत घातलं.

डोकं आत गेलं. काठाच्या जिभा आत वळल्या, कानांवरून घसरल्या आणि हनुवटीखाली येऊन बसल्या. पाइपची बैठक उत्तम होती. ते बघून झाल्यावर गुरुप्रसादने जार वर उचलला, आणि त्याच्याबरोबर त्याची हनुवटीही वर गेली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तो चवड्यांवर उभा राहिला. खाडीत मासे धरायला लावतात त्या सापळ्यासारखं झालं होतं. आत जायला वाट, बाहेर यायला काटे.

पोरं सतरंजीवरच आणखी पुढे सरकली.

आत जीव गुदमरण्यासारखं काही नव्हतं. जिभांच्या मधून खाली फटी होत्या आणि डोक्यावर पाइप उघडाच होता. हवेला तोटा नव्हता, अब्रूला होता. गुरुप्रसादने लांब श्वास सोडला. पौषातली सकाळ, आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्याने विसळून रात्रभर अंगणात ठेवलेला तो गार जार. त्याच्या नाकासमोरचं प्लास्टिक धुक्याने पांढरं झालं.

"काका गेले," वेदिका हळूच म्हणाली.

त्याने श्वास आत घेतला. धुकं आकसत आकसत विरलं आणि त्यातून त्याचे घाबरलेले डोळे दिसायला लागले.

"आले," स्वरूप म्हणाला.

त्याने श्वास सोडला.

"गेले," चार-पाच पोरं एकदम म्हणाली.

त्याने घेतला.

"आले."

राजश्रीने कपाळावर मारायला हात उचलला होता. तो तिथेच थांबला. तिने पोरांकडे पाहिलं. एकही मूल इकडेतिकडे बघत नव्हतं. ज्याला शू लागली होती तो ती विसरला होता. स्वरूप तोंड उघडं टाकून बसला होता, आणि सतरंजीवरच्या प्रत्येक पोराची छाती गुरुप्रसादच्या छातीबरोबर वर-खाली होत होती. इतकी वर्षं वर्ग घेतलेल्या बाईला ही घडी ओळखू आली. ती शांतपणे पुढे आली.

आतून गुरुप्रसादला तिची आकृती दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. (तो आधीच भांड्यात होता, पण म्हणायची पद्धत आहे.) त्याने दोन्ही हातांनी जार काढायची खूण केली. राजश्रीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबून त्याला स्टुलावर बसवलं. थांबा, हलू नका. कालपासूनच्या तिच्या सगळ्या खुणांपैकी ही पहिली खूण त्याला बरोबर कळली.

तिने पतंगाच्या लाल कागदाची पट्टी घेतली आणि जारच्या वरच्या पाइपवर धरली. गुरुप्रसादने श्वास सोडला. पट्टी ताठ उभी राहिली आणि फडफडली. त्याने श्वास घेतला. पट्टी पाइपच्या तोंडाला जाऊन चिकटली.

"हवा," एक पोर म्हणालं. "काकांमधून हवा येते."

राजश्रीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. सगळ्या पोरांनी ठेवले. तिने हात पोटावर नेला. सगळ्यांनी नेले. तिने हात वर उचलला, सगळ्यांनी नाकाने श्वास घेतला. हात खाली आला, सगळ्यांनी सोडला. मग तिने फडताळातून आपली लहान बाटली काढली आणि पहिल्या मुलीच्या हातात दिली. मुलीने खालचं रबर ओढलं, आतला इवला फुगा फुगला, आणि नेमका त्याच वेळी गुरुप्रसादचा शर्ट छातीवर ताणला. मुलीने रबर सोडलं. शर्ट बसला, जार पांढरा झाला, पट्टी उडाली. मुलीने बाटलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"काकांच्या पोटात पण असं रबर आहे," ती म्हणाली.

राजश्रीने मान डोलवली. बाटली हातोहात फिरायला लागली. बाटलीवाला ओढेल तेव्हा काकांनी श्वास घ्यायचा, सोडेल तेव्हा सोडायचा, असा नियम पोरांनी आपणच करून टाकला. स्वरूपने बाटली आल्यावर इतक्या भराभर ओढली-सोडली की गुरुप्रसादला धाप लागली. "पळाल्यावर असं होतं," स्वरूपने खुर्च्यांकडे वळून समजावून सांगितलं. "जास्त हवा लागते." मागे रितेशने मोबाइल वर धरला होता. तो आता चित्रण करत होता. एक पोर उठून म्हणालं, मलाही डोक्यावर जार पाहिजे. राजश्रीने बोट असं काही हलवलं की ते जागच्या जागी बसलं. तिचा आवाज गेला होता, धाक नव्हता गेला.

गुरुप्रसादच्या कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज घुमत होता, आरे-वारेच्या वाळूत बसल्यावर समुद्राची गाज येते तसा. बाहेर नक्की काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. पण कोणी हसत नव्हतं, एवढं कळत होतं. मग धुकं विरलं आणि प्लास्टिकपलीकडे अगदी जवळ एक लहानसा चेहरा दिसला.

"काका," वेदिका म्हणाली, "आत भीती वाटते?"

खोटं सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण जारमध्ये डोकं अडकलेल्या माणसाला रुबाब करणं जड जातं.

"थोडी वाटते," तो म्हणाला. त्याचा आवाज पाइपातून वर गेला आणि पडवीभर घुमला.

"मग काय करता?"

"मग काय करणार? आत घेतो. बाहेर सोडतो. पुन्हा आत घेतो."

"नाकात वास येतो?"

"प्लास्टिकचा येतो. मग सवय होते."

वेदिकाने यावर विचार केला. विचार करताना तिला खोकला आला, छातीतून शीळ वाजली. ती वळली, भिंतीजवळ गेली आणि आजोबांच्या मांडीवरच्या पिशवीत हात घातला. काशीराम तिच्याकडे बघतच राहिले. तिने मुखवटा बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला, आणि स्वतःच्या हाताने नाकातोंडावर लावला.

"हा माझा छोटा जार," ती आतून म्हणाली.

काशीरामांनी पिशवीतून पंप काढला आणि घाईत उलटाच धरला. पंप नळकांड्यात बसेना. शेवटी राजश्रीने त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा बसला. त्यांनी तो दाबला. वेदिकाने डोळे मिटले नाहीत, ती किंचाळली नाही, पाय झाडले नाहीत. ती स्टुलावरच्या काकांकडे बघत होती. काकांनी श्वास घेतला, तिने घेतला. काकांनी सोडला, तिने सोडला. मुखवट्यातली छोटीशी झडप टिकटिक हलत होती, आणि सगळी पोरं हळू आवाजात म्हणत होती, "आत. बाहेर. आत. बाहेर." खुर्चीवरच्या दोन बायका पण म्हणत होत्या.

औषध संपलं. वेदिकाने मुखवटा काढला आणि पुसून पिशवीत ठेवला, जणू ती रोज हेच करते.

काशीरामांनी टोपी काढून डोळे पुसले. "या पोरीपायी आम्ही कितीदा रडलो ओ," ते शेजारच्या खुर्चीला म्हणाले. "चौघांनी धरल्याशिवाय कधी घेतलंन नाय. आज आपल्या हातान लावलंन."

सगळे वेदिकाभोवती जमले. मग जारमधून आवाज आला, "आता मला काढता का?"

तिथपर्यंत सगळे गुरुप्रसादला विसरले होते. रितेश पुढे झाला, त्याने जार धरून ओढला. गुरुप्रसाद स्टुलासकट त्याच्यामागे गेला. कोणी म्हणालं कापा, कोणी म्हणालं गरम पाणी. सगुणाबाई आतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. त्यांनी कोणाचं मत विचारलं नाही. पाइपला नरसाळं लावलं आणि वरून तेल सोडलं.

"आई, डोळ्यात जातंय."

"जाऊ दे. थंड असतं."

तेल केसांतून, कानांवरून, मानेवर उतरलं. राजश्रीने दोन बोटं घालून एकेक जीभ बाहेर वळवली आणि जार हलकेच फिरवत वर घेतला. गुरुप्रसाद बाहेर आला. अभ्यंगस्नानाला बसलेल्या माणसासारखा तो चकाकत होता, कान लाल होते, आणि केस अशा काही भांगाने बसले होते की सगुणाबाईंना तो पुन्हा पहिलीत गेल्यासारखा वाटला.

मग टाळ्या सुरू झाल्या. पोरांनी सुरू केल्या आणि खुर्च्यांनी उचलल्या. गुरुप्रसादला आधी वाटलं त्या आईच्या तेलासाठी आहेत.

"मानलं तुम्हाला," रितेश त्याचा तेलकट हात हातात घेऊन म्हणाला. "आधी ते फुगे मुद्दाम पाडलेत ना? आम्ही फसलो. आमचा स्वरूप घरी एका जागी बसत नाही, आज तासभर हलला नाही. आणि मला शिकवतो, पळाल्यावर जास्त हवा लागते म्हणून. ही जारची कल्पना सुचली कशी?"

गुरुप्रसादने राजश्रीकडे पाहिलं. ती भुवया उंचावून उत्तराची वाट बघत होती.

"अशीच," तो म्हणाला. "हिने खूण केली आणि डोक्यात आलं."

हे तर अक्षरशः खरं होतं.

आठवड्याभरात त्या चित्रणाने अख्खी रत्नागिरी पालथी घातली. खेडहून गुरुप्रसादच्या मावसभावाचा फोन आला, तुझं डोकं छान दिसत होतं म्हणून. कारखान्यात साहेबांनी स्वतः बोलावून चहा पाजला. नाक्यावरचा हत्ती अजून गुलाबी होता, पण पडवीतलं एकही मूल तिकडे गेलं नाही. उलट हत्तीकडची दोन मुलं इकडे आली. काशीरामांनी परसातले नारळ आणून पायरीवर ठेवले आणि सांगितलं की वेदिका आता मुखवटा आपला आपण लावते. पंप दाबायच्या आधी आजोबाला विचारते, "तयार?" हे ऐकून राजश्रीने तोंड फिरवलं आणि बराच वेळ फळा पुसत राहिली. फळा स्वच्छच होता.

गुरुप्रसाद या सगळ्याने जरा वर गेला होता, हे कबूल करायला हवं. जेवताना तो 'आम्ही शिक्षक' असं म्हणायला लागला. राजश्री आवाज नसल्यामुळे ऐकून घेत होती.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी तिला थोडं थोडं बोलायला परवानगी दिली. सोमवारी गुरुप्रसाद मुद्दाम उशिरा कामावर जायला निघाला आणि पडवीत थांबला. मुलं बसली होती. वेदिका पुढे होती. दोन-चार आया अजून दारातच होत्या, आणि त्यांच्यात हत्तीकडून आलेल्या मुलांच्या आयाही होत्या. आपल्या कामाचं फळ चार माणसांदेखत बघावं, असं कोणत्या शिक्षकाला वाटत नाही?

"काय मंडळी," त्याने हात मागे बांधून विचारलं, "लक्षात आहे ना सगळं? सांगा बघू, नाकातून हवा आत घेतली की ती कुठे जाऊन भरते?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "गुरुकाकांच्या डोक्यात."

दारातल्या आयांनी पदर तोंडाला लावले. गुरुप्रसादने बायकोकडे पाहिलं. एवढी मोठी चूक, तीही विज्ञानातली. ताई आता दुरुस्त करतील, याबद्दल त्याला शंका नव्हती.

राजश्रीने घसा खाकरला. आठवडाभर जपून ठेवलेला आवाज तिने सावकाश बाहेर काढला.

"शाब्बास," ती मुलांना म्हणाली.